बदक पडत का नाही? जुन्या टीव्ही-गेमविषयी वाचकांचे प्रश्न

माळ्यावर जुना टीव्ही-गेम सापडला तर भंगारात टाकू नका, असं मागच्या अंकात याच सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख थोडक्यात सांगते. कोल्हापुरात आयटीआयमध्ये मी रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवत असे. संध्याकाळी घरच्या सोप्यात दुरुस्तीचं टेबल मांडलेलं असायचं, आणि मे महिन्यात त्या टेबलावर टीव्हीपेक्षा गेमच जास्त यायचे.

प्रश्न : माळ्यावरचा गेम काढला, पुसला, लावला, तर चालू झाला! मारिओ अगदी व्यवस्थित चालतो. पण बदकं मारायच्या गेमला बंदूक लागू पडत नाही. कितीही जवळून मारली तरी बदक पडत नाही. दुसरी बंदूक मिळवून पाहिली, तीही तशीच. आमचा टीव्ही दोन वर्षांपूर्वी घेतलेला, ४३ इंची आहे. दोन्ही बंदुका बिघडलेल्या असतील का? (एक वाचक, चिपळूण)

दोन्ही बंदुका चांगल्या असणार. बदललाय तो टीव्ही.

लहानपणी सगळ्यांनाच वाटायचं की चाप ओढला की बंदुकीतून काहीतरी निघतं आणि पडद्यावर जाऊन लागतं. प्रत्यक्षात प्रवास उलटा आहे. ती बंदूक मारत नाही, ती बघते. नळीच्या तोंडाशी एक भिंग आहे आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा एक छोटा डायोड. तुम्ही चाप ओढलात की गेम अख्खा पडदा एका फ्रेमपुरता, म्हणजे एका चित्रापुरता, काळा करतो. पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन काढतो. आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवला जायचा, त्यामुळे हे सगळं डोळ्याला नुसतं लुकलुकल्यासारखं दिसतं. आधी अंधार आणि लगेच उजेड, असं बंदुकीला दिसलं तर नेम बरोबर. बदकं दोन असतील तर पहिल्याचा चौकोन एका फ्रेमला आणि दुसऱ्याचा त्यापुढच्या फ्रेमला येतो. उजेड कुठल्या फ्रेमला दिसला, त्यावरून कुठलं बदक पडलं ते ठरतं.

मग ती काळी फ्रेम कशाला, असं कुणी विचारेल. बल्बकडे बंदूक धरून चाप ओढणाऱ्या पोरांसाठी! बल्बचा उजेड काळ्या फ्रेमच्या वेळीही दिसतोच, म्हणून गेम तो नेम धरत नाही. शिवाय निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या मूळ बंदुकीत आणखी एक पहारेकरी होता. ट्यूबवाल्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. पिक्चर ट्यूबच्या मानेतून निघालेला एकच किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीमागून ओळ काढत जातो. आपल्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी. बंदुकीतला फिल्टर बरोबर त्याच सुमाराची थरथर शोधत असतो.

हे मी वर्गात दाखवायचे. बंदूक उघडायची, ऑसिलोस्कोपचा (विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब डायोडच्या पायाला, फिल्टरच्या आधी लावायचा आणि नळी टीव्हीकडे धरायची. स्कोपवर काटेच काटे उभे राहायचे, कंगव्याच्या दातांसारखे एका अंतराने. पोरांपैकी कुणी नळीवर तळवा ठेवला की काटे गायब होऊन सपाट रेघ यायची. मग तीच नळी साठच्या बल्बकडे वळवायची, की संथ लाट यायची, एकही काटा नाही. एवढं पाहिल्यावर फळ्यावर काही लिहायची गरज उरत नसे.

आता तुमचा नवा टीव्ही. त्यात किरण नाही. मागे दिवे सतत लागलेले आहेत, म्हणजे ती थरथरच नाही. आणि आलेलं चित्र तो आधी साठवतो, त्यावर काम करतो आणि मग दाखवतो, त्यात काही फ्रेम निघून जातात. बंदूक ज्या क्षणी डोळा उघडून बसली आहे, त्या क्षणी तुमच्या पडद्यावर अजून मागचंच चित्र आहे. चौकोन येतो तेव्हा गेमने ‘चुकला’ असा निकाल देऊन टाकलेला असतो.

उपाय एकच आहे, आणि तो स्वस्त आहे. चौदा किंवा एकवीस इंची ट्यूबवाला टीव्ही शोधा. भंगारवाल्याकडे पडून असतो, नातेवाइकांकडे तर हमखास असतो. मागे पिवळी-पांढरी एव्ही सॉकेट असलेला घ्या. पण त्याचं मागचं कव्हर काढू नका. बंद करून ठेवलेल्या ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठून राहतात, त्याला शिकलेलाच हात लागतो.

तुमच्या पत्राने मला मनापासून आनंद झाला, कारण हा प्रश्न नेमका मर्मावर बोट ठेवतो. हे जुने गेम टीव्हीला ‘जोडलेले’ नव्हते, ते टीव्हीच्या किरणातूनच घडवलेले होते. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : आठवीच्या मुलांना प्रकल्प दिला आहे. निम्मी मुलं म्हणतात घरात खेळायचा पहिला व्हिडिओ गेम मारिओ, निम्मी म्हणतात अटारी. खरं काय? (एक शिक्षिका, सातारा)

बाई, दोन्ही नाहीत. पहिला मान मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ओडिसीचा, १९७२ सालचा. आणि माणूस राल्फ बेअर.

बेअर १९२२ साली जर्मनीत जन्मला. ज्यू कुटुंब, १९३८ मध्ये देश सोडून अमेरिकेत गेलं. पुढे तो न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ इथे सँडर्स असोसिएट्स या लष्करी सामग्री बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाला. ऑगस्ट १९६६ च्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये बस स्थानकावर एका सहकाऱ्याची वाट बघत असताना त्याच्या डोक्यात आलं की घराघरात टीव्ही आहेत, पण बघण्यापलीकडे त्यांचं काहीच करता येत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून त्याने चार पानी टिपण लिहिलं. कंपनीने थोडे पैसे दिले, बिल हॅरिसन आणि बिल रुश हे दोघे जोडीला आले आणि १९६८ पर्यंत एक पेटी तयार झाली. तिला लाकडाच्या नक्षीचा चिकटकागद लावलेला होता, म्हणून तिचं नाव ब्राउन बॉक्स पडलं. तीच पुढे ओडिसी म्हणून विकली गेली.

मुलांना हे जरूर सांगा, की ओडिसीत प्रोसेसर नव्हता. मेमरी नव्हती. आवाज नव्हता. गुणसुद्धा मोजता येत नव्हते! चाळीसेक ट्रान्झिस्टर आणि तितकेच डायोड, एवढ्यात सगळा खेळ. पडद्यावर खेळाडूंचे दोन पांढरे ठिपके, चेंडूचा एक ठिपका आणि एक उभी रेघ दिसायची. बस. मग हॉकीचं मैदान कुठून आणायचं? डब्यात रंगीत प्लास्टिकचे पारदर्शक पडदे यायचे. ते टीव्हीच्या काचेला चिकटवायचे, ट्यूबच्या स्थिर विजेने ते धरून राहायचे. सोबत फासे, पत्ते, खोट्या नोटा असायच्या. गुण कागदावर लिहायचे आणि भांडण झालं तर आपसात मिटवायचं. अर्धा खेळ टीव्हीत आणि अर्धा सतरंजीवर. मला हे फार लोभस वाटतं. सापशिडीच्या पटाला टीव्हीचा आधार दिल्यासारखं.

त्याच्याही कॅसेटीसारख्या पट्ट्या होत्या, पण त्यांत गेम साठवलेला नसायचा. पट्टी खोचली की आतल्या तारांचे जोड बदलायचे, म्हणजे ठिपके वेगळं वागायचे.

एक तारीख फळ्यावर लिहाच. ओडिसी अमेरिकेत विक्रीला आला १९७२ च्या सप्टेंबरमध्ये, आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिकडे लोक टीव्हीशी खेळायला लागले, तेव्हा आपल्याकडे मुंबईत टीव्ही नुकता येत होता.

अटारी कंपनी त्याच वर्षीची. तिच्या संस्थापकांपैकी एक, नोलन बुशनेल, याने १९७२ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात ओडिसीचा टेबल टेनिस पाहिला होता. पुढे त्याच्या कंपनीतल्या अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्नने पाँग हा तसाच टेबल टेनिसचा गेम बनवला आणि सनिव्हेलमधल्या एका बारमध्ये ठेवला. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याचा फोन आला. अ‍ॅल्कॉर्न जाऊन बघतो तर नाण्यांचा डबा भरून वर आलेला. पण ते नाणं टाकून खेळायचं यंत्र होतं. घरचा पाँग आला १९७५ मध्ये, सिअर्सच्या दुकानांतून. मॅग्नाव्हॉक्सने अटारीवर पेटंटचा दावा लावला आणि १९७६ मध्ये तडजोड झाली, अटारीने परवाना घेतला.

पाँग गाजला, बुशनेल गाजला, आणि बेअरचं नाव कित्येक वर्षं कुणाच्या तोंडी नव्हतं. २००६ मध्ये त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. तुमच्या प्रकल्पात त्याचं नाव ठळक अक्षरात यावं, ही माझी विनंती.

प्रश्न : आम्ही बॉस्टनजवळ राहतो. मुलीला जुनी व्हिडिओ गेम यंत्रं दाखवायची आहेत. जवळपास काय आहे? (एक वाचक, मॅसॅच्युसेट्स)

तुम्ही तर उगमाशीच राहता! नॅशुआ तुमच्यापासून गाडीने तासाभरावर. त्याच्या पुढे मँचेस्टर, जिथे बेअर राहिला. तिथे नदीकाठी बाकावर बसलेला त्याचा पुतळा आहे, शेजारी बसून फोटो काढता येतो. आणखी उत्तरेला लॅकोनियाला फनस्पॉटमध्ये जुन्या नाण्यांच्या यंत्रांचं संग्रहालय आहे, आणि ती यंत्रं खेळता येतात. मूळ ब्राउन बॉक्स मात्र वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अटारी २६०० मध्ये फक्त १२८ बाइट रॅम होती असं वाचलं. छापताना चूक झाली असेल ना? १२८ केबी म्हणायचं असेल. (एक विद्यार्थी, पुणे)

चूक नाही. १२८ बाइटच.

म्हणजे किती, ते आधी हाताने मोजून बघ. मोबाईलवर मराठी लिहिताना प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार तीन-तीन बाइट खातात. तू मित्राला निरोप पाठवलास, ‘आज संध्याकाळी सहाला गणपती मंदिरापाशी भेटू.’ झाले ११४ बाइट. यात आणखी एक ‘नक्की’ घालायला गेलास तर १३० होतात, म्हणजे निरोप अटारीच्या रॅममध्ये मावत नाही. एवढ्या जागेत खेळाडू कुठे आहे, शत्रू कुठे, गुण किती, जीव किती, सगळं ठेवायचं. वर प्रोसेसरचा स्टॅकही, म्हणजे काम सोडून गेल्यावर परत कुठे यायचं त्याची नोंद, त्यातच.

अटारीचं हे यंत्र १९७७ चं. प्रोसेसर ६५०७, वेग १.१९ मेगाहर्ट्झ, आणि कॅसेटमध्ये सुरुवातीला जास्तीत जास्त ४ केबीचा प्रोग्रॅम. तू विचारशील की मग चित्र कुठे साठवायचं? तेच तर! चित्र साठवतच नव्हते. आत टीआयए नावाची चिप होती, जय माइनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेली. तिला अख्खा पडदा माहीतच नसायचा, एका वेळी एकच ओळ माहीत. त्या ओळीत दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागची जाडीभरडी नक्षी. किरण ती ओळ काढून पुढच्या ओळीवर जाण्याआधी प्रोग्रॅमने चिपमधली माहिती बदलायची. एका ओळीला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळतात. साध्यातली साधी आज्ञा दोन ठोके खाते. म्हणजे ओळीमागे फार तर अडतीस आज्ञा, त्यात चूक झाली की चित्र फाटलं. गुण मोजणं, टक्कर झाली का पाहणं ही बाकीची कामं किरण तळाशी पोचून पुन्हा वर जातो त्या सवडीत उरकायची. अमेरिकेत हे सेकंदाला ६० वेळा.

भाकरी थापणाऱ्या बाईला विचार. तव्यावरची उलटायच्या आत हातावरची तयार हवी, आणि परातीत दहा साठवून ठेवायला जागा नाही. प्रत्येक भाकरी वेळेवरच थापायची. अटारीचा प्रोग्रॅम लिहिणारा तसा किरणाच्या एक पाऊल पुढे राहायचा.

त्यातला एक नमुना शोधून बघ, डेव्हिड क्रेनचा पिटफॉल, १९८२. जंगलाची २५५ दृश्यं आहेत, आणि ४ केबीत ती साठवणं शक्यच नव्हतं. क्रेनने एक आकडा घेतला. त्यातले बिट (शून्य-एकचे अंक) एक घर सरकवून, ठरावीक नियमाने नवा बिट भरला की पुढच्या दृश्याचा आकडा तयार होतो. त्या आकड्यातले काही बिट सांगतात खड्डा आहे का, काही सांगतात झाडं कशी आहेत. डावीकडे चाललास तर नियम उलटा. जंगल कुठेच साठवलेलं नाही, दर वेळी ते नव्याने उगवतं. यालाच शिफ्ट रजिस्टर म्हणतात, ते तुला दुसऱ्या वर्षाला आहेच. कागदावर आठ बिट मांड आणि सरकवून बघ, परीक्षेआधी विषयच आवडायला लागेल.

आणि हे फक्त अटारीपुरतं नाही. आपल्या घरातल्या गेममध्ये गोळ्यांचा मारा वाढला की गोळ्या, माणसं लुकलुकायला लागायची, आठवतं? पोरांना वाटायचं गेम तापला. टेबलावर तीच तक्रार घेऊन येणारी किती पोरं मी समजूत घालून परत पाठवली असतील! त्या गेममधल्या चित्र काढणाऱ्या चिपला पडद्यावर ६४ हलते तुकडे दाखवता यायचे, पण एका ओळीत आठच. नववा आला की तो दिसेनासा होणार. मग प्रोग्रॅमर दर फ्रेमला क्रम बदलायचा, म्हणजे कायम एकच गोळी गायब राहण्यापेक्षा सगळ्या थोड्या थोड्या दिसाव्यात. न दिसणाऱ्या गोळीने मेलास तर तो अन्याय झाला असता. ती लुकलुक म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलेला न्याय होता.

प्रश्न : १. ‘९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटीत खरंच तेवढे गेम होते का? २. कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारावी की नाही? भावाबहिणीत अजून वाद आहे. (दोघं वाचक, इचलकरंजी)

पहिल्याचं उत्तर : नाही. मोजके खरे गेम, आणि तेच नाव बदलून, पुढच्या टप्प्यापासून सुरू करून यादीभर फिरवलेले.

दुसऱ्याचं : फुंकर मारू नका. मी हे हजारदा सांगितलं असेल आणि आणखी हजारदा सांगेन. फुंकरीने धूळ थोडी उडते, पण थुंकीचा ओलावा पितळी-सोनेरी पट्ट्यांवर बसतो आणि हळूहळू त्या काळ्या पडतात. फुंकर मारल्यावर गेम लागायचा, हे खरं. तो लागायचा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पुन्हा बसवताना पट्टी थोडी वेगळ्या जागी टेकते आणि जोड मिळतो.

यंत्र बंद करून कॅसेट काढा. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापूस काडीला गुंडाळून ओला करा, पट्ट्या उभ्या दिशेने पुसा. कापूस काळा होईल, तो स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. डाग हट्टी असेल तर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने दोनदा फिरवा आणि भुगा झटका. सॅंडपेपर नको, वरचा मुलामा गेला की परत येत नाही. वाळायला दहा मिनिटं द्या.

‘कॅसेट’ हा शब्द चुकीचा आहे, कार्ट्रिज म्हणा, असं हल्लीची मुलं सुधारतात. सुधारू द्या, पण तुम्ही कॅसेटच म्हणा. चिपमध्ये गेम साठवून ती बदलता येणारं पहिलं घरगुती यंत्र म्हणजे फेअरचाइल्डचं चॅनल एफ, १९७६. ते घडवणाऱ्यांचा प्रमुख होता जेरी लॉसन, त्या काळात या धंद्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कृष्णवर्णीय इंजिनिअरांपैकी एक. आणि त्याच्या पिवळ्या कार्ट्रिजचा आकार गाण्याच्या एट-ट्रॅक टेपसारखा होता. म्हणजे आपल्या लोकांनी जे नाव ठेवलं, ते मुळाला धरूनच आहे. मुलांनी यंत्र चालू असताना कॅसेट उपसली, हजारदा खोचली, अंगातली स्थिर वीज पिनांना लागली तर काय होईल, ही चिंता लॉसनच्या लोकांनाही होती, कारण तोवर कुणी चिप अशी घरातल्या माणसाच्या हातात दिलीच नव्हती.

तुमचं यंत्र मात्र त्या घराण्यातलं नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले बहुतेक गेम हे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉम मासायुकी उएमुरा यांनी घडवला, जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला १४,८०० येनला आला. तुमच्या कॅसेटीला साठ पिना आहेत ना, मोजून बघा. तो फॅमिकॉमचाच आकडा. पहिल्यांदा एक नक्कल उघडली तेव्हा मी आत प्रोसेसर शोधत बसले होते. मोठ्या पोकळ डब्यात तळहाताएवढी पट्टी, आणि तिच्या मधोमध काळ्या राळेचा एक थेंब, वाळलेल्या गुळाच्या काकवीसारखा. मूळ यंत्रातल्या दोन मोठ्या चिपा त्या एका थेंबाखाली होत्या.

पुसूनही चालला नाही, तर कॅसेटीला दोष देण्याआधी अडॅप्टर बघा. त्याचा गोल प्लग बाहेरून सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण काहींत आतली पिन धन असते, काहींत ऋण. यंत्राच्या बुडाशी आणि अडॅप्टरच्या लेबलावर छोटी गोल खूण असते. दोन्ही जुळल्या तरच लावा. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या यंत्रांपैकी बरीचशी दुसऱ्याचा अडॅप्टर लावल्याने मेलेली होती. आत पाच व्होल्टचा रेग्युलेटर आहे, तीन पायांचा, पत्र्याला स्क्रूने बसवलेला. त्याच्या वीज बाहेर देणाऱ्या (आउटपुट) पायावर मीटर धरा. पाचच्या जवळ आकडा असेल तर यंत्र जिवंत आहे. काहीच नसेल तर तो भाग बदला, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७८०५ म्हणून मागा.